उंबराच्या मेढीतलं बिऱ्हाड

धाकू भोईर माणसांशी बोलत नसे, लाकडांशी बोले. कल्याणच्या बंदरावर आमची लाकडाची वखार होती. माळशेजच्या रानातून गाड्या यायच्या, ओंडके धडाधड खाली पडायचे, आणि धाकू प्रत्येक ओंडक्याला कुऱ्हाडीच्या पाठीने एकच ठोका द्यायचा. मग कान टेकवायचा आणि बोट दाखवायचा. उजवीकडे म्हणजे पहिल्या प्रतीचा, डावीकडे म्हणजे दुसऱ्या, आणि बोट खांद्यावरून मागे गेलं की आतून पोकळ, सरपण. मी वखारीचा कारकून. नाव श्रीपाद, इंग्रजी चार इयत्ता शिकलेला, नाकावर चष्मा. त्याच्या बोटाकडे बघून मी वहीत लिहायचो आणि व्यापारी मला म्हणायचे, वा श्रीपादराव, काय नजर आहे तुमची. मी नम्रपणे मान खाली घालत असे. खोटं कशाला सांगू, आवडायचं मला ते.

सन १८८६ची गोष्ट. माझ्या लक्षात आलं की मागे टाकलेल्या ओंडक्यांतले सगळ्यात कुजके, भुसभुशीत, चुलीत घातले तर नुसता धूर करतील असे तुकडे धाकू खांद्यावर टाकून डोंबिवलीजवळच्या आपल्या पाड्यावर नेतो. खांद्यावर ओझं घेऊन पायी दोन कोस. मी एकदा विचारलं, तुझी बायको एवढं रांधते तरी काय? त्याने मला वखारीच्या मागे नेलं, एका ओंडक्याची फळी अलगद उचकटली आणि दोनच शब्द बोलला.

"बगा, भाऊ."

मी बघितलं, आणि पुढच्या क्षणी मी फळ्यांच्या थप्पीवर होतो. धोतर वर धरलेलं, चष्मा एका कानावर. आत अंगठ्याच्या पेराहून मोठे, काळेभोर, पॉलिश केल्यासारखे चकचकीत असे दोन किडे बसले होते आणि त्यांच्या भोवती तांबूस पिल्लांचं लटांबर. मी ओरडलो, झुरळ. धाकूचा चेहरा असा पडला की जणू मी त्याच्या घरच्या माणसाला नावं ठेवली.

तिथून आमची दोस्ती सुरू झाली. मी थप्पीवरून खाली यायला आठ दिवस घेतले, पण आलो.

पुढची तीन वर्षं मी त्या अक्षरशत्रू माणसाचा विद्यार्थी होतो. तो बोलायचा नाही, दाखवायचा. हे किडे स्वयंपाकघरात येत नाहीत, उजेडात येत नाहीत, चांगल्या लाकडाला तोंड लावत नाहीत. कुजलेलं, ओलसर लाकूड हेच त्यांचं घर आणि तेच जेवण. खात खात पुढे जायचं, मागे खोल्या तयार होत जातात. पाय आखूड, जाड, काटेरी, खणायला केलेले. डोकं ढालीखाली दडवलेलं. घरच्या झुरळाची मादी डाळीच्या दाण्याएवढी अंड्यांची डबी टाकून मोकळी होते, तसं इथे नाही. ही बाई जिवंत पिल्लं जन्माला घालते, आणि मग ती पिल्लं आईबापांच्या तोंडाला तोंड लावून जेवतात. एकदा धाकूने एक पांढराफटक किडा दाखवला. मला वाटलं, निराळी जात. मी वहीत तसं लिहिलंही. धाकू दुसऱ्या दिवशी मला परत घेऊन गेला. तोच किडा आता काळा झाला होता. कात टाकली की घटकाभर ते पांढरे असतात, एवढंच. मी वहीतली ओळ खोडली.

"वालवी यांचीच भावकी," हे त्याने एकदा आपण होऊन सांगितलं. वाळवीही लाकूड खाते, तिचीही पिल्लं तोंडातून घास घेतात, तीही अशीच पांढरी. मी खो खो हसलो. वाळवी कुठे, झुरळ कुठे. धाकू हसला नाही.

मला मात्र आता या किड्यांचं नाव हवं होतं. वहीत प्रत लिहायची सवय ना. नाव नसलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. मुंबईत एक साहेब किडे जमवतात असं कळलं. मी एक किडा बाटलीत, दारूत बुडवून, पत्रासह त्यांना पाठवला. धाकूला कळलं तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. म्हणजे आधीही बोलत नव्हताच, पण आता ते जाणवायचं. साहेबाचं उत्तर आलं ते दोन महिन्यांनी. किडा झुरळांच्याच गणातला, लाकूड खाणाऱ्या कुळातला, नाव पॅनेस्थिया. वाळवीबद्दल विचारलं होतं, त्यावर साहेबाने लिहिलं होतं की आपल्या स्नेह्याची कल्पना मजेदार आहे, पण वाळवी अगदी वेगळ्या गणातली. मी ते पत्र धाकूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, साहेबाने लाकूड फोडून बघितलं काय?

ते पत्र मी कोटाच्या आतल्या खिशात बाळगायला लागलो. लोकांना दाखवायला. कोणी बघायचं नाही.

१८८९ सालच्या माघात धाकूच्या मुलीचं, मालनचं, लग्न ठरलं. मुलगा कोलशेतचा, महिपत, स्वतःच्या होडीतून कल्याणच्या बंदरावर मीठ आणणारा. बापाचा डबा घेऊन मालन बंदरावर यायची, आणि महिपतची मिठाची पोती उतरवणं त्या दिवशी फार वेळ चालायचं. हे सगळ्या बंदराला दिसत होतं. धाकूला दिसत नव्हतं, कारण त्याचा कान ओंडक्याला लागलेला. शेवटी पोरीनेच आईला सांगितलं. आई म्हणजे रतन, फटकळ बाई, पण मुलीवर जीव. ती खूष झाली आणि तिने धाकूपुढे एकच अट ठेवली: घरामागचा तो किड्यांचा ओंडका लग्नाआधी हलवायचा.

तो ओंडका म्हणजे उंबराचा पुरुषभर उंच सोट. गाडीच्या चाकाला आडवा लावायला कोणी रानातून आणला होता आणि टाकून दिला होता. एका अंगाने कुजलेला, दुसऱ्या अंगाची साल जिवंत. धाकू त्यावर रोज घागरभर पाणी ओतायचा, त्यामुळे वरच्या टोकाला चक्क हिरवी पालवी फुटली होती. रतन म्हणायची, घरात माणसांना पाणी पुरत नाही आणि हा लाकडाला आंघोळ घालतो. पण नेमकी त्याच आठवड्यात आतली बाई बाळंत झालेली. धाकूने अट ऐकली, मान हलवली आणि ओंडका गवताच्या पेंढीने झाकला. यालाच त्याने हलवणं मानलं.

हळदीच्या दिवशी मी सकाळीच पाड्यावर पोचलो. मला वेगळा पाट, वेगळं शहाळं. आमच्याकडे लग्न भटजी लावतो. धाकूच्या आगरी जातीत ते काम धवलारणीचं. ती बाई लग्नाची गाणी, धवले, म्हणते आणि तिच्या गाण्याशिवाय काही पुढे सरकत नाही. गंगुबाई ही त्या भागातली जुनी धवलारीण, आवाज असा की खाडीच्या पलीकडे कावळे उडतील. तिचा एक कडक नेम होता: मांडवात जे जे येईल त्याला नाव घेऊन गाण्यात बसवायचं. उंबर, पाणी, हळद, सुपारी, सगळ्यांना आमंत्रण. नाव घेतलं नाही ते पाहुणं नव्हे, घुसलेलं.

भरतीबरोबर कोलशेतची होडी लागली. हळद घेऊन आली ती रंगूबाई, महिपतची आत्या. त्याला आई नव्हती, तिनेच वाढवलेला. उंच, काळीसावळी, हातात काकणं पण कपाळ कोरं. मला कोणीतरी हळूच सांगितलं की तिचा नवरा खलाशी होता. वीस वर्षांपूर्वी गलबतावर गेला तो गेलाच. मेला म्हणावं तर निरोप नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही, म्हणून काकणं राहिली आणि कुंकू तिने आपणच पुसलं. ती हसत नाही, असंही सांगितलं. मी शहाळं घट्ट धरलं.

आता मुहूर्तमेढ. मांडवाचा हा पहिला खांब उंबराचा हवा आणि तो आणायचा मुलीच्या मामाने, हा रिवाज. मामा म्हणजे दिवा गावचा धोंडीबा. आदल्या दिवशी त्याने ताडी प्याली, सकाळी उशिरा उठला, आणि उंबरापर्यंत चालत जाण्याऐवजी घरामागे लघवीला गेला. तिथे गवताच्या पेंढीखालून हिरवीगार पालवी डोकावत होती. सरळ सोट, उंबर, आयता. धोंडीबाला वाटलं, भावजींनी सोय करून ठेवली. त्याने तो खांद्यावर घेतला आणि वाजंत्र्यांच्या पुढे नाचत मांडवात आला. उंबर किती हलका आहे याचं त्याला कौतुक वाटलं, शंका आली नाही.

धाकू तेव्हा खाडीवर पाहुण्यांना उतरवून घेत होता. तो परत येईपर्यंत खड्ड्यात सुपारी पडली, मेढ उभी राहिली, पाच सवाशिणींनी तिला हळद माखली, गंगुबाईने उंबराचं गाणं सुरू केलं. धाकू आला, आणि सवय म्हणून, निव्वळ सवय म्हणून, त्याने येता येता बोटाच्या पेरांनी मेढीवर एक ठोका दिला.

त्याचे दहा हजार ठोके मी पाहिलेत. मला चेहरा बघूनच कळलं. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि बोट खांद्यावरून मागे वळायला लागलं, सरपण. त्याने ते डाव्या हाताने धरून खाली आणलं. पण तोवर रतनने मेढीच्या डोक्यावरून तांब्याभर दूध ओतलं होतं, आणि दूध खाली वाहायच्या ऐवजी आत गेलं. सगळं. कुठे गेलं म्हणून बायका वाकून बघायला लागल्या.

मेढीच्या भेगेतून आधी दोन मिशा आल्या. मग ढाल. मग हळदीने पिवळी झालेली, दुधात न्हालेली ती घरधनीण बाहेर आली, मागोमाग नवरा, मागोमाग पिल्लं, एक दोन तीन करत अकरा. खाली उतरून ती सगळी वरात वाजंत्र्यांच्या दिशेने निघाली.

पुढचं मी पाटावर उभा राहून पाहिलं. बायका पाटावर, पाट कमी पडले तेव्हा उखळावर, एक आजीबाई तर थेट धोंडीबाच्या पाठीवर. धोंडीबा तिला घेऊनच पळाला. सनईवाल्याने सनई उलटी धरून तोंड आणि भोक दोन्ही झाकलं. ढोलकीवाला ढोलकीवरच चढला आणि ढोलकी फुटली. एक पिल्लू हळदीच्या ताटात पडलं आणि बाहेर आलं ते सोन्याचं. आणि गंगुबाई, धन्य ती बाई, गाणं न थांबवता म्हणाली की हळद तर नवरीच्या आधी यालाच अंगभर लागली. हसू की पळू हे लोकांना कळेना, तेव्हा त्यांनी दोन्ही केलं.

फक्त एक माणूस हललं नाही. रंगूबाई. तिने मेढीवर हात ठेवला, एक कपचा दाबला, तो आत गेला.

"पोकल मेढ," ती म्हणाली. "ज्या घरचा पयला खांबच किरं खातान, त्या घरची सोयरीक मना नको."

हसणं जागच्या जागी मेलं. तिने आपल्या माणसांना खूण केली. ओहोटी लागायच्या आत होडी सुटेल आणि हळद आली तशी परत जाईल, एवढंच तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. दारात मालन उभी होती, एका हाताला हळद लागलेली, दुसऱ्याला अजून नाही. ती रडली नाही, आत्याच्या पाया पडली नाही. फक्त बापाकडे बघत राहिली. मला त्या पोरीची नजर बघवेना.

आणि धाकू बोलला. जन्मभर साठवलेलं त्या दिवशी त्याने बाहेर काढलं असावं.

तो मेढीपाशी उकिडवा बसला, त्या काळ्या बाईला तळहातावर घेतलं आणि सांगायला लागला. चूक माझी, सोयऱ्यांची नाही, मेव्हण्याची नाही. हा ओंडका मी पाळलेला. ही मेढ यांनी पोकळ केली नाही, कुजलं म्हणून हे आले. जितं लाकूड हे खात नाहीत, बघा, पालवीचं अंग शाबूत आहे. यांना विष नाही, चावा नाही. अंडी टाकून पळत नाहीत. पोरांना तोंडातला घास देतात, वर्षं वर्षं एका घरात राहतात. सांगता सांगता त्याचा तळहात जरासुद्धा हलत नव्हता. लोक एकेक करून पाटांवरून खाली उतरले.

गंगुबाईने मध्येच हात वर केला. हे मांडवात आले आहेत, तर गाण्यात घ्यावे लागतील, मग लग्न राहो की मोडो. यांचं नाव काय? कुळी कुठली?

माझी वेळ आली. तीन वर्षं मी याचीच वाट बघत होतो. मी पाटावरून उतरलो, खिशातून साहेबाचं पत्र काढलं, चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात वाचलं, पॅनेस्थिया. गंगुबाईने ते तीनदा म्हणून पाहिलं. एकदा ताल सुटला, एकदा सूर सुटला, तिसऱ्यांदा दात सुटला असता. तिने मला खाली बसायला सांगितलं. मी बसलो. मग धाकूने खरं ते सांगून टाकलं: रानातलं झुरळ, वाळवीची भावकी. झुरळ म्हणताच पुन्हा चार बायका उखळावर चढल्या. रंगूबाईने पदर खोचला आणि ती खाडीकडे वळली. मला वाटलं, संपलं.

धाकूने तिच्या पाठीकडे बघून उरलं होतं तेवढं सांगितलं.

"बाय, यांना पंख व्हतं. उराया येत व्हतं. घर गावलं नि यांनी पंख खाल्लं. मंग जायाचं नाय कवाच."

रंगूबाई थांबली. वळली. आणि चार पावलं परत आली.

"कोनाचं खाल्लं? बाईचंच ना?"

धाकूने उत्तर द्यायच्या आधी जमिनीवर शोधलं. तो दुसरा, नवरा, ढोलकीखाली दडला होता. धाकूने त्याला उचललं आणि दोघांना एका तळहातावर शेजारी ठेवलं. हळद नि दूध पुसलं. दोघांच्याही पाठीवर पंखांची नुसती कुरतडलेली खुंटं, कडा फाटक्या.

"दोगांचं," तो म्हणाला. "त्यानी तिचं, नि तिनी त्याचं."

रंगूबाई वाकून बघत राहिली. एवढा वेळ की खाडीचं पाणी फिरलं, होडीवाले हाका मारायला लागले, आणि तिने हात मागे करून त्यांना गप्प केलं. तिने एक बोट पुढे केलं आणि आधी त्या नवऱ्याच्या पाठीवरून, त्या खुंटांवरून, सावकाश फिरवलं. मग ती मालनकडे गेली, ताटातली हळद घेतली आणि पोरीच्या कोऱ्या राहिलेल्या हाताला लावली.

गंगुबाईला ती एवढंच म्हणाली की यांना गाण्यात घे, नावाचं नंतर बघू. गंगुबाईने त्यांना उंबराघरची नवरा-नवरी म्हणून घेतलं, आणि पंख टाकले, दार धरलं, अशी काहीशी ओळ तिथल्या तिथे जुळवली. फुटकी ढोलकी वाजली. धोंडीबा आजीबाईंना घेऊन परत आला. धाकूला विचाराल तर त्याने सगळ्यात आधी अकराच्या अकरा पिल्लं मोजून मेढीत परत घातली, मग जावयाच्या माणसांना पाणी विचारलं. मेढ तीच राहिली.

लग्न झालं. सोळाव्या दिवशी मेढ उपटून पाण्यात सोडायची असते. त्या दिवशी माहेरी आलेल्या मालनला न्यायला रंगूबाई आली होती, तिने ती सोडू दिली नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती होडीत ठेवली, मालनच्या शेजारी. मी साहेबाला सगळी हकीकत लिहिली आणि शेवटी विचारलं की वाळवीचं आपण पुन्हा एकदा तपासून बघाल का. उत्तर आलं नाही.

होडी सुटताना धाकू गुडघाभर चिखलात उभा होता आणि मुलीकडे बघायचं टाळत मेढीवर पाणी शिंपडत होता. रंगूबाईने त्याला जवळ बोलावलं. मी काठावर होतो, मला ऐकू आलं.

"व्याही, पंख खाताना दुखत आसंल काय?"

धाकूने आणखी एक ओंजळ पाणी मेढीवर शिंपडलं.

"मना नाय ठावं, बाय. पन पलून गेलेला एकबी मी बगला नाय."

रंगूबाईने मान हलवली, मेढ आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि होडीवाल्याला निघायला सांगितलं.